खून राहू दे बाजूला, त्या दोघांचं जमतं का ते सांगा!

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या की सध्या रात्रीची झोप उडालीये कारण कॉर्मोरन स्ट्राइकची पुस्तकं परत पहिल्यापासून वाचायला घेतलीयेत. त्या चार ओळींवर एवढे प्रश्न आले की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. लंडनमधला एक प्रायव्हेट डिटेक्टिव्ह, आधी मिलिटरी पोलिसात होता, अफगाणिस्तानात स्फोटात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, वर कर्जबाजारी. त्याच्या ऑफिसात एका आठवड्यासाठी टेम्पररी सेक्रेटरी म्हणून येते रॉबिन एलाकॉट, आणि तीही कधी, तर आदल्याच रात्री तिच्या बॉयफ्रेंडने तिला लग्नाची मागणी घातलीये, बोटात नवीकोरी अंगठी! लेखकाचं नाव पुस्तकावर रॉबर्ट गॅलब्रेथ, खरी लेखिका हॅरी पॉटरवाली जे. के. रोलिंग. २०१३ पासून २०२५ पर्यंत आठ पुस्तकं झाली. शेवट फोडणार नाही, शब्द देते, सुरुवातीच्या पुस्तकांतलं थोडंफार येईल ते चालवून घ्या.

प्रश्न : मी ४८ वर्षांची आहे, बँकेत आहे. मुलीने ही पुस्तकं दिली आणि मी पार अडकले. पण खरं सांगू का, खून कोणी केला यात मला काडीचा इंटरेस्ट नाही. मी पानं उलटत ते दोघं कुठे एकत्र येतात तेवढंच शोधते, बाकी जबान्या आणि चौकशा सगळं स्किप. नवरा म्हणतो मग सरळ सिरियल बघ ना. मी चुकीचं वाचतेय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो ताई, पुस्तक तुमचं, उशी तुमची, चुकीचं कसलं आलंय त्यात. आणि लाज तर अजिबात वाटून घेऊ नका, मी स्वतः पहिल्या वाचनात हेच केलंय. पण दुसऱ्या वाचनात माझ्या लक्षात आलं की मी जे स्किप केलं होतं ना, प्रेम नेमकं तिथेच होतं, आणि मी येडी पुढच्या पानांवर शोधत बसले होते.

म्हणजे बघा. या पुस्तकांत 'आय लव्ह यू'वाला मामला जवळजवळ नाहीच, निदान खूप खूप काळ नाहीये. आहे काय तर काम. पहिल्या पुस्तकात स्ट्राइकचं वर्षानुवर्षांचं प्रेमप्रकरण तुटलेलं असतं, राहायला जागा नसते, म्हणून तो ऑफिसातच कॅम्प बेड टाकून झोपतो आणि ते लपवायला बघतो. रॉबिनला दोन-चार दिवसांत सगळं कळतं, सामान दिसतं, पॉट नूडल्सचे रिकामे डबे दिसतात, आणि ती काय करते तर काहीच नाही! कळलंच नाही असं दाखवते. त्याचा मान राखते. आता हे कुठे येतं, तर पहिल्या पुस्तकातल्या एका मॉडेलच्या मृत्यूच्या केसच्या फायली लावण्याच्या आणि फोन घेण्याच्या धबडग्यात. तुम्ही 'चौकशी चाललीये' म्हणून चार पानं उलटलीत की हे गेलं.

दुसऱ्या पुस्तकात ते दोघं बर्फातून गाडीने डेव्हनला जातात, एका प्रकाशकाला भेटायला. वरवर पाहिलं तर निव्वळ कामाचा प्रवास. स्ट्राइकला बायकांच्या ड्रायव्हिंगवर विश्वास नसतो (आपल्याकडचे काका आठवले ना?), आणि हायवेवर समोर एक टँकर घसरतो, तेव्हा रॉबिन ज्या सफाईने गाडी काढते ते पान मी तीनदा वाचलंय. त्याच्या बाजूच्या सीटवर आपली सेक्रेटरी नाही, कोणीतरी वेगळंच बसलंय हे त्याला पहिल्यांदा दिसतं तिथे. एका मुलीला गाडी चालवताना बघून माणसाचं मत बदलतं, बस. मला तरी त्यात दहा गुलाबांपेक्षा जास्त मिळालं.

आणि जबान्या! प्रत्येक जबानी झाली की ते दोघं पबमध्ये नाहीतर ऑफिसात बसून एकमेकांना सांगतात की तुला काय वाटलं, तो खोटं का बोलला असेल. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, त्या मॅथ्यूला, तिचं हे काम म्हणजे कमी पगाराची थट्टा वाटते. तिला लहानपणापासून हेच करायचं होतं आणि घरात ते ऐकून घ्यायला कोणी नाही, पण ऑफिसात एक माणूस आहे जो विचारतो, तुझं मत काय? सांगा बरं, पंचविशीतल्या मुलीला याहून रोमँटिक काय हवं. किंवा अठ्ठेचाळिशीतल्या, हाहा.

तर एक करून बघा, एकच पुस्तक, पहिलंच घ्या, एकही पान न उलटता वाचा. आणि नवऱ्याला म्हणावं सिरियलही आहे, बीबीसीची, दोघं मिळून बघू, मग बघते कोण आधी रडतं ते.

प्रश्न : आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकर वाचायचो, धनंजय-छोटू, काळापहाड, भाड्याच्या लायब्ररीतून एका दिवसात एक पुस्तक फस्त. त्यात असलं गुलूगुलू काही नव्हतं. डिटेक्टिव्हने तपास करावा, प्रेम कशाला? हे आजकालचं फॅड वाटतं. – एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, अर्नाळकरांवर तुमच्याशी वाद नाही. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस, आमच्या आजोबांच्या ट्रंकेत अजून सापडतात, पानं हातात घेतली की तुकडे पडतात. पण फॅड म्हणालात ते तेवढं पटलं नाही, कारण हे भांडण जवळजवळ शंभर वर्षांचं आहे आणि सुरुवातीला सगळे तुमच्याच बाजूने होते!

१९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन नावाच्या अमेरिकन लेखकाने डिटेक्टिव्ह कथेचे वीस नियम छापले, त्यातला तिसरा नियमच असा की प्रेमप्रकरण नको, आपल्याला गुन्हेगाराला कोर्टात उभं करायचंय, प्रेमी जोडप्याला बोहल्यावर नाही. आणि इंग्लंडमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सबाईंचंही मत साधारण हेच होतं, की डिटेक्टिव्ह कथेत प्रेम जितकं कमी तितकं बरं. आणि मग याच बाईंनी १९३० साली काय केलं, तर आपल्याच डिटेक्टिव्हला, लॉर्ड पीटर विम्झीला, थेट प्रेमात पाडलं, आणि तेही कोर्टात! आरोपीच्या पिंजऱ्यात हॅरिएट व्हेन उभी आहे, स्वतः रहस्यकथा लिहिणारी, जुन्या प्रियकराला आर्सेनिक देऊन मारल्याचा आरोप आहे, फाशीची टांगती तलवार आहे, आणि हा गडी तिला बघून खल्लास. आता सांगा, इथे प्रेम काढून टाकलं तर तपास उरतो का? तो तपास करतोच मुळी ती वाचावी म्हणून.

आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर ब्योमकेश घ्या. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा बंगाली ब्योमकेश, दूरदर्शनवर १९९३ साली रजित कपूरने केलेला, तुम्ही नक्की पाहिला असणार. त्याला बायको मिळाली कुठे, तर एका खुनाच्या केसमध्येच. सत्यवतीच्या भावावर संशय होता. पुढे ती त्याच्या घरात आली आणि त्याचा ब्योमकेशपणा तसूभरही कमी झाला नाही.

तुमचं एक मात्र मान्य करते. जिथे प्रेम हे केसच्या बाहेरून चिकटवलेलं असतं, म्हणजे तीन प्रकरणं तपास, मग एक प्रकरण पावसात भिजणं, तिथे मीही पुस्तक मिटते.

प्रश्न : यार आठ पुस्तकं!! किती वाट बघायची माणसाने. मी पाचव्यावर आहे आणि ते दोघं अजून नुसते एकमेकांकडे बघतायत. लेखिका मुद्दाम पाणी घालून वाढवतेय का? होस्टेलला आमची पैज लागलीये. – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अगं मुली, पाचवं म्हणजे 'ट्रबल्ड ब्लड', नऊशेच्या वर पानं, १९७४ साली बेपत्ता झालेल्या डॉक्टरबाईची केस, ते तू होस्टेलच्या लाइटमध्ये वाचतेयस याबद्दल आधी तुला सलाम.

वाढवतेय का? हो, वाढवतेय. पण त्याला कारण आहे आणि ते कारण लेखकांना टीव्हीने शिकवलंय. 'मूनलायटिंग' नावाची अमेरिकन सिरियल होती, १९८५ ते ८९, लॉस एंजेलिसमधली डिटेक्टिव्ह एजन्सी, मालकीण मॅडी आणि तिचा तोंडाळ पार्टनर डेव्हिड, ब्रूस विलिस त्यातूनच वर आला. दोघं सतत भांडायचे आणि सगळी अमेरिका जीव टांगणीला लावून बसलेली. १९८७ मध्ये ते एकदाचे एकत्र आले आणि पुढे सिरियल घसरत गेली, तेव्हापासून लोक म्हणायला लागले की जोडी जमली की गोष्ट मेली. आता त्यात अर्धंच खरं आहे बरं का, कारण शूटिंग कायम लेट, हिरॉइन प्रेग्नंट, विलिस सिनेमाच्या मागे, दोघं एका फ्रेममध्ये सापडायचे मारामार. पण दोष गेला बिचाऱ्या प्रेमाला.

याच्या उलट अगाथा ख्रिस्तीचे टॉमी आणि टपन्स. १९२२ मध्ये पहिल्याच पुस्तकात त्यांचं जमतं, १९२९ च्या पुस्तकात दोघं नवराबायको मिळून डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतात, आणि १९७३ च्या शेवटच्या पुस्तकात म्हातारे होऊन, कुत्रा सांभाळत, तरीही उचापती करतायत. त्यामुळे जमल्यावर गोष्ट मरते हे काही मला मान्य नाही, ती आळशी लेखकांची सबब आहे.

स्ट्राइक-रॉबिनच्या बाबतीत माझं मत असं की पाचव्यापर्यंतची वाट रास्त आहे. दोघांनाही भीती आहे की हे फसलं तर एजन्सी पण जाईल, आणि एजन्सी म्हणजे तिच्यासाठी नुसती नोकरी नाही, कॉलेज अर्धवट सोडावं लागल्यावर परत उभं राहायला मिळालेली जमीन आहे (का सोडावं लागलं ते तुला आता माहीत असेलच, इथे लिहीत नाही). त्यालाही पहिल्यांदाच कोणीतरी असं मिळालंय की जिच्यासमोर नाटक करावं लागत नाही. अशी माणसं पटकन बोलत नाहीत गं. पण सहाव्या पुस्तकात मात्र माझाही संयम सुटला, तिथे एक-दोन गैरसमज असे आहेत की एका फोन कॉलमध्ये मिटले असते. तिथे पाणी घातलंय हे मी लेखिकेच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

पैजेचा निकाल सांगणार नाही. वाच.

प्रश्न : कुठून सुरू करू? मधूनच उचललं तर चालेल का? आणि बाईंनी पुरुषाचं नाव का घेतलं? – एक वाचक, पुणे

उत्तर : मधून अजिबात नको. केस प्रत्येक पुस्तकात नवी असली तरी ते दोघं सलग चालतायत, मधून उचललंत तर लग्नाच्या पंगतीत ताक-भाताला पोचल्यासारखं होईल. क्रम असा, 'द ककूज कॉलिंग', मग 'द सिल्कवर्म', 'करिअर ऑफ ईव्हिल', 'लीथल व्हाइट', 'ट्रबल्ड ब्लड', 'द इंक ब्लॅक हार्ट', 'द रनिंग ग्रेव्ह', 'द हॉलमार्क्ड मॅन'. तिसरं जरा जपून, त्याची सुरुवातच रॉबिनच्या नावाने आलेल्या पार्सलमधून निघालेल्या कापलेल्या पायाने होते, जेवताना वाचू नका. आणि तिसरं संपवताना चौथं हाताशी ठेवा, कारण चौथं अक्षरशः तिथूनच पुढे सुरू होतं. मूळ वाचकांना तीन वर्षं थांबावं लागलं होतं, २०१५ ते २०१८, तुम्ही नशीबवान.

सहाव्यात ऑनलाइन चॅटची पानंच्या पानं आहेत, दोन-दोन तीन-तीन कॉलम शेजारी शेजारी, ते फोनवर वाचायचा हट्ट करू नका, डोळे जातील. कागदी प्रत घ्या. जाडी बघून घाबरला असाल तर ऑडिओबुक आहेत, रॉबर्ट ग्लेनिस्टर वाचतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझी दोन पुस्तकं अशीच झाली. टीव्हीवाली आवृत्ती २०१७ पासूनची, टॉम बर्क आणि हॉलिडे ग्रेंजर, दोघंही फिट्ट, पण नऊशे पानं चार भागांत बसवली की काय काय गळतं ते तुम्हीच समजून घ्या.

नावाचं म्हणाल तर बाईंना हॅरी पॉटरच्या गाजावाजाशिवाय नव्याने सुरुवात करायची होती. एप्रिल २०१३ मध्ये पुस्तक आलं, चांगले रिव्ह्यू मिळाले, हार्डकव्हरच्या दीडेक हजार प्रती खपल्या. जुलैत पेपरात बातमी फुटली, आणि फुटली कशी माहितीये का, त्यांच्या वकिलांच्या फर्ममधल्या एकाने बायकोच्या मैत्रिणीला विश्वासात घेऊन सांगितलं आणि त्या मैत्रिणीने ट्विटरवर एका पत्रकाराला! मग पेपरवाल्यांनी भाषा तपासणारे तज्ज्ञ बसवून कॉम्प्युटरवर शब्दांची तुलना करून घेतली आणि खात्री केली. डिटेक्टिव्ह कादंबरीच्या लेखिकेलाच असं हुडकून काढलं, आता बोला.

प्रश्न : मी सध्या लंडनजवळ स्लाओला असते. डेन्मार्क स्ट्रीटवर त्याचं ऑफिस आहे ना, जाऊन बघण्यासारखं काही आहे का? – एक वाचक, यूके

उत्तर : आहे की, आणि तुम्हाला तर एलिझाबेथ लाइनने थेट टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरता येईल. गंमत म्हणजे पुस्तकातल्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे जो रस्ता खणून ठेवलेला असतो, सगळीकडे पत्रे आणि धूळ, तो याच लाइनच्या कामासाठी! ती सुरू झाली २०२२ मध्ये. डेन्मार्क स्ट्रीट म्हणजे एवढीशी गल्ली आहे, गिटारच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. स्ट्राइकचं ऑफिस बारच्या वर दाखवलंय, तो १२ बार क्लब २०१५ मध्ये बंद पडला, त्यामुळे नुसतं वर बघून उसासा टाकायचा. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या तोंडावर त्याचा आवडता 'टॉटनहॅम' पब आहे, आता पाटी 'फ्लाइंग हॉर्स'ची. तिथे तो पितो ती डूम बार नावाची बिअर कॉर्नवॉलची, म्हणजे त्याच्या मामा-मामीच्या गावाकडची. तुम्ही पीत नसाल तर चहा घ्या, पण त्याच्यासारखा नको, तो डांबराच्या रंगाचा पितो.

प्रश्न : मला खरंच रॉबिनसारखं डिटेक्टिव्ह व्हायचंय. आई म्हणते वेड लागलंय. भारतात लायसन्स लागतं का? – वय २३, ठाणे

उत्तर : प्रायव्हेट डिटेक्टिव्हसाठी आपल्याकडे वेगळा लायसन्सचा कायदा नाहीये, २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही. ब्रिटनमध्येही साधारण तेच, २००१ च्या कायद्यात तरतूद आहे पण डिटेक्टिव्हसाठी लायसन्स सक्तीचं झालेलं नाही. याचा अर्थ काहीही केलं तरी चालतं असा नाही हं, कोणाचे कॉल रेकॉर्ड मिळवणं किंवा फोन टॅप करणं हा सरळ गुन्हा आहे आणि आपल्याकडे त्यात लोक आत गेलेत. आणि कामाचं म्हणशील तर आपल्याकडे बरंचसं लग्नाआधीची चौकशी आणि नवराबायकोचे संशय यातलंच असतं. रॉबिनचंही तेच आहे, नीट वाच, मोठी केस एक आणि बाकी दिवस गाडीत बसून कोणाच्या तरी नवऱ्याची वाट बघत गार झालेले चिप्स खाणं. ते चिप्स तुला चालणार असतील तर आईशी बोल, आणि आधी गाडी शिक.

प्रश्न : आठवं पण संपलं. आता रिकामं रिकामं वाटतंय. काय वाचू? – एक वाचक, सातारा

उत्तर : वर डोंबिवलीच्या काकांना सांगितलं तेच, हॅरिएट आणि लॉर्ड पीटर. पण सेयर्सबाईंची सगळी पुस्तकं ओळीने घेऊ नका, मधल्या कित्येकांत हॅरिएट नाहीच, आणि तुम्हाला आता जी भूक आहे ती रेल्वे टाइमटेबलच्या कोड्याने भागणार नाही. 'स्ट्राँग पॉयझन', १९३०. मग 'हॅव हिज कार्केस', १९३२, समुद्रकिनाऱ्यावर तिला एकटीला प्रेत सापडतं. मग 'गॉडी नाइट', १९३५, आणि 'बसमन्स हनीमून', १९३७. हा माणूस तिला मागणी घालत राहतो आणि ती नाही म्हणत राहते, पाच वर्षं, कारण ज्याने आपला जीव वाचवला त्याच्या उपकाराखाली संसार करायचा नाही हे तिचं पक्कं आहे. तिसऱ्यात ती ऑक्सफर्डला जाते, तिथे खून एकही नाही, नुसती निनावी घाणेरडी पत्रं, आणि शेवटी तो तिला जे विचारतो ते चक्क लॅटिनमध्ये, आणि ती उत्तर देते एका शब्दात.

माझी 'गॉडी नाइट'ची प्रत दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने नेलीये. ती हे सदर वाचते हे मला माहितीये.